एकट्याचा प्रवास, चार बंदरं आणि म्हादई

बंगळुरूहून तुमच्याशी पुन्हा एकदा इतिहासाच्या गप्पा.

आजचा विषय तुमच्याच प्रश्नांमधून आला आहे. आपल्या ऐकणाऱ्यांमध्ये इथल्या कंपन्यांत काम करणारी मराठी मुलं-मुली बरीच आहेत. शनिवार-रविवार मिळाला की कुणी मुल्कीला सर्फिंग शिकायला जातं, कुणी मुरुडेश्वरला किंवा तारकर्लीला स्कूबा करायला. थोडे पैसे साठले की एकट्याने बाली, थायलंड, श्रीलंका. आणि मग प्रश्न येतो, "आपल्या लोकांत असं एकट्याने पाण्यावर, परदेशात जाणारं आधी कुणी होतं का? की ही फॅशन बाहेरून आली?"

उत्तर देण्याआधी गंमत बघा. हा प्रश्न विचारला जातोय अशा गावातून, जे समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंच आहे आणि जिथे ना समुद्र, ना मोठी नदी. इथलं पाणी म्हणजे माणसांनी बांध घालून अडवलेली तळी. पण आजच्या गोष्टीत कोरड्या जागा वारंवार येणार आहेत. समुद्राची ओढ फक्त समुद्राकाठीच लागते असं नाही.

सुरुवात सगळ्यात मोठ्या एकट्या प्रवासापासून करू. शिडाच्या नावेतून, एकट्याने, पृथ्वीप्रदक्षिणा. ही पहिल्यांदा केली जोशुआ स्लोकम या खलाशाने. जन्म कॅनडातला, नागरिक अमेरिकेचा, वय ५१. एक जुनी, टाकून दिलेली नाव त्याने स्वतः जवळजवळ नव्याने बांधली, तिचं नाव 'स्प्रे'. १८९५ च्या एप्रिलमध्ये तो बोस्टनहून निघाला आणि १८९८ च्या जूनमध्ये परत आला.

पहिला भारतीय माणूस एकट्याने अशी प्रदक्षिणा पूर्ण करून आला २०१० साली. स्लोकमनंतर ११२ वर्षांनी. त्यांचं नाव कमांडर दिलीप दोंदे. आपला मराठी माणूस, भारतीय नौदलातला पाणबुड्या अधिकारी.

आता इतिहासाचा प्रश्न असा की ही ११२ वर्षं गेली कुठे? आपल्याकडे समुद्र नव्हता का? होता की. कान्होजी आंग्रे होते, आरमार होतं, मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी इंग्रजांना जहाजं बांधून देत होती. मग उशीर का?

पहिलं उत्तर आपल्याला तोंडपाठ असतं. समुद्र ओलांडायला बंदी होती. कलियुगात करू नयेत अशा गोष्टींच्या यादीत समुद्रप्रवास होता. हे खरं आहे, पण अर्धंच. ही बंदी प्रामुख्याने वरच्या जातींची. कोळी, गाबीत, भंडारी, दालदी या लोकांना कुणी शास्त्र विचारलं नव्हतं. आरमार त्यांच्याच जिवावर चालत होतं. तांडेल, सारंग, खलाशी हे शब्द त्यांच्या कामातून आपल्या भाषेत रुळले. म्हणजे ज्यांना समुद्र येत होता त्यांच्यासाठी तो रोजचं काम होता, आणि ज्यांच्याकडे फुरसत आणि पैसा होता त्यांना तो निषिद्ध होता. नारळी पौर्णिमेच्या होड्यांच्या शर्यती सोडल्या, तर पाण्यावर खेळायला जाणारा माणूस या दोघांच्या मधल्या फटीतून निसटला.

बंदी मोडणाऱ्यांचं काय झालं, तेही बघू. राघोबादादांनी पेशवाईच्या गादीसाठी इंग्लंडमध्ये वकील पाठवले. हणमंतराव नावाचे ब्राह्मण, सोबत एक पारशी गृहस्थ आणि त्यांचा मुलगा. १७८१ साली ते लंडनमध्ये हालात राहत होते. एडमंड बर्क या खासदाराने त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेलं. हणमंतरावांना सोवळ्याने स्वयंपाक करायचा होता, तर बर्कने बागेतलं काचघर त्यांना मोकळं करून दिलं. इंग्लंडच्या थंडीत, झाडांसाठी बांधलेल्या काचेच्या खोलीत आपला माणूस भात शिजवतोय, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. परत आल्यावर राघोबांच्या वकिलांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. सोन्याची योनी करून तिच्यातून पार व्हायचं, म्हणजे पुन्हा जन्म घ्यायचा, अशी हकीकत त्या काळच्या इंग्रज लेखकांनी नोंदवली आहे.

या गोष्टीत दोन दारं आहेत. एक परक्याने उघडलं, काचघराचं. दुसरं घरच्यांनी बंद करून ठेवलं, आणि ते उघडायला सोनं लागलं. माझ्या मते एकट्या प्रवासाचा इतिहास वाचायचा तर ही दोन दारं बघावी लागतात. मागे कुणी जाऊ दिलं, आणि पुढे कुणी आत घेतलं.

शंभर वर्षांनी आनंदीबाई जोशींनी हेच दार ठोठावलं. १८८३ च्या फेब्रुवारीत सेरामपूरला त्यांनी भरसभेत सांगितलं की मी अमेरिकेला का जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय अठरा, नवरा बरोबर नाही. पलीकडे त्यांना घरात घेतलं न्यू जर्सीच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंनी. त्यांना आनंदीबाई मावशी म्हणत. डॉक्टर होऊन परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाने आपल्या घराण्याच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पुकीप्सी इथे ठेवल्या. परदेशातल्या ओळखी किती खोल जाऊ शकतात, याचा एवढा मोठा पुरावा मला दुसरा माहीत नाही.

आणि तिसरा प्रवासी विसरायचा नाही. जो स्वतःच्या मर्जीने गेलाच नाही, किंवा पोटासाठी गेला. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत करारबद्ध मजूर जाऊ लागले. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी भागातली मराठी कुटुंबं होती, आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठीपण जपून आहेत. स्लोकम १८९७ साली मॉरिशसला थांबला, तिथे त्याने व्याख्यान दिलं, लोकांनी त्याचं कौतुक केलं. त्याच बेटावर तेव्हा आपली माणसं ऊस तोडत होती. एकाच समुद्राने दोघांना तिथे आणलं. एकाला त्याची हौस होती, दुसऱ्याच्या अंगठ्याखाली करारनामा होता.

म्हणून "आपण समुद्राला घाबरायचो" असं सरसकट म्हणू नका. आपल्याला हौसेची मुभा नव्हती. भीती आणि मुभा या वेगळ्या गोष्टी आहेत.

आता कसबाकडे येऊ. कारण मुभा मिळाली तरी नाव कुणीतरी बांधावी लागते.

१९६८ साली इंग्लंडमध्ये स्पर्धा जाहीर झाली. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा. नऊ जण निघाले, एकानेच ती पूर्ण केली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला. त्याच्या नावेचं नाव 'सुहैली', आणि ती बांधली होती आपल्या मुंबईत. तो तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर अधिकारी होता. बत्तीस फुटांची सागवानी नाव मुंबईच्या सुतारांनी हातानं घडवली. वाकस, सामता, पटाशी ही त्यांची हत्यारं. म्हणजे जगात पहिल्यांदा न थांबता एकट्याने प्रदक्षिणा झाली, ती आपल्या सुतारांच्या नावेतून. त्या सुतारांना कुणी विचारलं नसेल, तुम्हाला जायचंय का?

आपल्याकडे हौसेच्या शिडाला पहिली मुभा मिळाली ती गणवेशातून. सैन्याच्या इंजिनिअर कोअरची 'तृष्णा' ही नाव १९८५ च्या सप्टेंबरात मुंबईहून निघाली आणि १९८७ च्या जानेवारीत जगाला फेरी मारून परतली. ती चमूची मोहीम होती, एकट्याची नव्हे. या कोअरचे तीन मोठे गट. एक रुरकीला, एक पुण्याजवळ खडकीला, आणि एक इथे बंगळुरूत, हलसूर तलावाच्या काठी, मद्रास इंजिनिअर ग्रुप. सॅपर म्हणजे नदीवर पूल टाकणारा सैनिक. त्याला पाणी आणि होडी शिकावीच लागते. म्हणून समुद्र नसलेल्या शहरांतही वल्हवणारे तयार होतात.

आणि आता येतात व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. १९७१ च्या युद्धात 'कामोर्टा' या युद्धनौकेचे कप्तान, वीरचक्राचे मानकरी. निवृत्तीनंतर ते राहिले कुठे? सातारा जिल्ह्यात, फलटणजवळ विंचुर्णी गावात. कमी पावसाचा, माळरानाचा मुलूख. तिथे बसून या माणसाने ध्यास घेतला की भारतीय माणसाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, आणि ती भारतात बांधलेल्या नावेतून. नौदलाने ते मनावर घेतलं, आणि २००६ साली दिलीप दोंदे यांनी हात वर केला. मोठ्या समुद्रात एकट्याने शीड हाकारण्याचा अनुभव त्यांना नव्हता. तेव्हा देशात तो कुणालाच नव्हता.

मग शिकायचं कुणाकडे? दोंदे गेले थेट रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनकडे. तो तेव्हा ६७ वर्षांचा, पुन्हा एका एकट्याच्या शर्यतीच्या तयारीत. त्याच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. बघा कसं वर्तुळ आहे. मुंबईच्या सुतारांनी ज्याला नाव दिली, त्याने चाळीस वर्षांनी विद्या परत दिली.

नाव बांधली गोव्यात, मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. आराखडा डच, ५६ फुटांचा. लाकडाच्या पट्ट्यांचा गाभा आणि वर फायबरग्लास. १२ फेब्रुवारी २००९ ला ती नौदलात दाखल झाली. नाव ठेवलं 'म्हादई'. मांडवीचंच वरच्या अंगाचं नाव. ही नदी उगम पावते आपल्या कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात. तिच्या पाण्यावरून गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र लवादापुढे उभे राहिले, २०१८ साली निवाडा झाला, तरी वाद मिटलेला नाही. तुमच्यापैकी काही जण या बाजूचे, काही त्या बाजूचे. पण एवढं लक्षात ठेवा, आपण जिच्यावरून भांडतो त्या नदीचं नाव एका नावेने जगभर नेलं, आणि कुठल्याही बंदरात तिला कुणी राज्य विचारलं नाही.

आता प्रदक्षिणा म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात सांगतो. निघाल त्याच बंदरात परत यायचं. विषुववृत्त ओलांडायचं. सुएझ, पनामासारखे कालवे वापरायचे नाहीत. आणि किमान २१,६०० सागरी मैल कापायचे. हा आकडा कुठून आला? पृथ्वीचा घेर ३६० अंश, प्रत्येक अंशाची ६० कला, आणि एका कलेला एक सागरी मैल. गुणून बघा. मार्ग दक्षिण गोलार्धातून, कारण खाली चाळीस-पन्नास अक्षांशांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे सतत जोराचे वारे वाहतात आणि मध्ये जमीन जवळजवळ नाही. निघायची वेळही साधावी लागते. आपल्याकडचा हिवाळा म्हणजे तिकडचा उन्हाळा. त्या महिन्यांत दक्षिण समुद्र त्यातल्या त्यात बरा असतो.

दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले. नावेवर एकटे. झोप सलग मिळत नाही, तुकड्यातुकड्यांत घ्यायची. शीड फाटलं तर शिवणारे आपण, यंत्र बिघडलं तर मेकॅनिक आपण, स्वयंपाकी आपण, आजारी पडलो तर डॉक्टरही आपणच. २२ मे २०१० ला मुंबईत त्यांचं समारंभाने स्वागत झालं. एकूण २७६ दिवस. पण त्यातले समुद्रावरचे दिवस १५७. मग उरलेले सुमारे चार महिने कुठे गेले?

बंदरांत. चार बंदरांत. हा आकडा मला या सगळ्या गोष्टीत सर्वात बोलका वाटतो. एकट्याने केलेल्या प्रदक्षिणेतला एवढा मोठा वाटा माणसांमध्ये गेला. दुरुस्ती करणारे, दोर आणून देणारे, हवामान समजावणारे, जेवायला बोलावणारे. एकटा खलाशी दुसऱ्या गावात पाऊल टाकतो ते गरज घेऊन. पर्यटकाला स्थानिक माणूस फोटोपुरता लागतो. खलाशाला तो सुकाणू दुरुस्त करायला लागतो. दोघांना दिसणारी संस्कृती म्हणूनच वेगळी असते.

ही चार बंदरंही बघण्यासारखी आहेत. पहिलं ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल. १८२९ ची वसाहत, कैद्यांनी बांधलेला तुरुंग, आणि १९८७ साली शिडाच्या नावांची जगप्रसिद्ध 'अमेरिकाज कप' शर्यत तिथल्या पाण्यात झाली. दुसरं न्यूझीलंडचं लिटलटन. दक्षिण ध्रुवाकडे निघालेले स्कॉट आणि शॅकल्टन याच बंदरातून गेले. म्हणजे धोक्याच्या समुद्राकडे निघालेल्या माणसाला निरोप द्यायची या गावाला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. दोंदे परतल्यावर नऊ महिन्यांनी, २२ फेब्रुवारी २०११ ला भूकंप झाला. केंद्र लिटलटनजवळच. शेजारच्या क्राइस्टचर्च परिसरात १८५ माणसं गेली, बंदराचा जुना टाइमबॉल मनोरा पुढे कोसळला. एरवी आपण ती बातमी वाचून पान उलटलं असतं. पण ज्या गावाने आपल्या नावेला आसरा दिला, त्याची बातमी वेगळी लागते.

तिसरं फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅनली. केप हॉर्नचा कुप्रसिद्ध समुद्र ओलांडल्यावरचं, जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचं गाव. १९८२ साली ब्रिटन आणि अर्जेंटिना या बेटांसाठी लढले. त्या युद्धातली ब्रिटिश आरमाराची मुख्य नौका होती 'हर्मिस'. तीच पुढे १९८७ साली आपल्याकडे आली आणि 'विराट' झाली. म्हणजे म्हादई तिथे पोहोचण्याआधीच आपला त्या गावाशी धागा होता. चौथं केपटाउन. तिथे सतराव्या-अठराव्या शतकात डचांनी बंगाल, मलबार, कोरोमंडलच्या किनाऱ्यांवरून गुलाम म्हणून माणसं नेली. भारतीय माणूस तिथे एकट्याच्या हौसेने पोहोचला २०१० साली. बेड्यांत पोहोचला होता तो तीनशे वर्षं आधी.

याच दक्षिण आफ्रिकेत स्लोकमला गंमतीचा अनुभव आला होता. तो ट्रान्सवालचे अध्यक्ष क्रूगर यांना भेटायला गेला. हा माणूस जगाभोवती फिरतोय असं कुणी सांगितल्यावर क्रूगर यांनी हटकलं की जगाभोवती कसं फिरेल? त्यांची श्रद्धा होती की पृथ्वी सपाट आहे. स्लोकम भांडला नाही, त्याला मजा वाटली. एकटा प्रवासी घरी काय आणतो, तर अशी माणसं आणतो. आपल्यासारखी नसलेली, आणि तरी दार उघडणारी.

पुढचा इतिहास झपाट्याने घडला. २०१२-१३ मध्ये त्याच म्हादईतून अभिलाष टॉमी यांनी न थांबता एकट्याने प्रदक्षिणा केली. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला 'तारिणी'तून फिरून आल्या. त्यांना घडवलं दोंदे यांनी, आणि नाव पुन्हा दांडेकरांच्याच कारखान्यातली. आवटी १९७१ चं युद्ध आणि ही सगळी गलबतं बघून २०१८ च्या नोव्हेंबरात विंचुर्णीत गेले. २०२४-२५ मध्ये रूपा आणि दिलना या दोन महिला अधिकारी दोघींनीच प्रदक्षिणा करून आल्या. ११२ वर्षं अडलेलं दार एकदा उघडल्यावर पंधरा वर्षांत एवढी माणसं आत आली.

यावरून मला वाटतं, धाडस आपल्यात आधीही होतं. दत्तू भोकनळ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही या दुष्काळी गावचा मुलगा, वडिलांबरोबर विहिरी खणणारा. खडकीच्या सॅपर्समध्ये भरती झाला, तिथे पहिल्यांदा वल्ही हातात आली. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नौकेत तो तेरावा आला. चार वर्षांपूर्वी होडीत न बसलेला माणूस! कमी होती ती संधीची.

आणि म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ही फॅशन बाहेरून आलेली नाही, पण ती सगळ्यांना सारखी मिळालेलीही नाही. आज तुम्ही पासपोर्ट, पगारी रजा आणि घरच्यांचा फोन घेऊन एकटे निघता, तेव्हा हणमंतरावांचं प्रायश्चित्त, आनंदीबाईंची सभा, मॉरिशसचे करारनामे, मुंबईचे सुतार, हे सगळं तुमच्या मागे आहे. दार तुमच्यासाठी कुणीतरी आधीच ढकलून ठेवलंय.

एक काम सांगतो. पुढच्या वेळी मालवण-तारकर्लीला किंवा मुल्कीला गेलात, की तुम्हाला पाण्यात उतरवणाऱ्या मुलाला त्याच्या आजोबांचा धंदा विचारा. बहुतेक वेळा उत्तर मासेमारी असेल. ज्यांचा समुद्र रोजचं काम होता, त्यांची नातवंडं आज आपल्याला त्यात खेळायला शिकवतायत. त्यांनाही एक दिवस हौसेने, स्वतःसाठी, एकट्याने निघता यायला हवं. ते जेव्हा होईल, तेव्हा हा इतिहास पूर्ण झाला असं मी म्हणेन.

तुमच्या गावातल्या, तुमच्या घरातल्या अशा कुणा एकट्या प्रवाशाची गोष्ट असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.